टॅपेट का वाजतात?

मोटारीच्या इंजिनाच्या माथ्यावरून, झाकणाखालून येणारी लयबद्ध टिकटिक पुष्कळ गाडीमालकांच्या परिचयाची असते, आणि तिचा चुकीचा अर्थही तितक्याच सहजपणे लावला जातो. गॅरेजमध्ये ‘टॅपेट वाजतायत’ एवढ्या दोन शब्दांत निदान उरकते आणि त्यानंतर एक तर सगळे टॅपेट बदलण्याचा खर्चिक सल्ला मिळतो, किंवा नेहमीपेक्षा जाड ऑइल ओतून आवाज तात्पुरता दाबला जातो. या दोन्ही मार्गांत आवाज कशाने निर्माण झाला हा प्रश्न विचारलाच जात नाही. आजच्या पुष्कळ इंजिनांतले टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे इंजिन ऑइलच्या दाबावर चालणारे असतात, त्यामुळे त्यांच्या आवाजाचे मूळ बहुतेक वेळा ऑइलच्या प्रमाणात, दर्जात किंवा दाबात असते आणि खुद्द टॅपेट झिजलेला किंवा बिघडलेला असणे ही शक्यता तपासाच्या ओघात बरीच उशिरा यायला हवी. हा क्रम उलटा झाला की नवे टॅपेट बसवूनही थोड्याच दिवसांत तोच आवाज परत येतो, आणि काही वेळा ऑइलच्या कमी दाबामुळे इंजिनाचे बेअरिंगही त्याबरोबर जातात.

हे समजण्यासाठी झडपांचे काम आधी पाहावे लागते. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर, म्हणजे हेडमध्ये, झडपा किंवा व्हॉल्व्ह असतात. त्यांपैकी काही हवा अथवा हवा-इंधनाचे मिश्रण आत घेतात आणि काही जळलेला वायू बाहेर सोडतात. या झडपा स्प्रिंगच्या जोराने बंद राहतात आणि कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्यावरील अंडाकृती उंचवटे त्यांना ठरावीक क्षणी खाली दाबून उघडतात. कॅमशाफ्ट पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदाच उघडते. कॅमचा उंचवटा आणि झडपेची दांडी यांच्या मध्ये जो भाग हा दाब पोहोचवतो, त्याला स्थूलमानाने टॅपेट म्हणतात. रचनेनुसार त्याच्या जोडीला रॉकर नावाचा छोटा तरफेसारखा हातही असतो.

या साखळीत सर्वांत अवघड प्रश्न उष्णतेचा आहे. पोलाद तापमानाच्या दर अंशाला आपल्या लांबीच्या साधारण एक ते दीड लाखांशाने वाढते. म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर लांबीची झडप सरासरी ३०० अंशांनी तापली, तर ती ०.३ ते ०.४५ मिलिमीटर लांबते. ॲल्युमिनियमचे हेडही त्याच वेळी प्रसरण पावत असल्याने या वाढीचा काही भाग भरून निघतो, पण सगळा नाही. थंड इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांना घट्ट टेकवून ठेवले, तर इंजिन तापल्यावर लांबलेली झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकू शकणार नाही, दाब गळेल, आणि बैठकीला टेकून थंड होण्याची संधी न मिळाल्याने वायू बाहेर सोडणारी झडप जळून जाईल. म्हणून या साखळीत मुद्दाम थोडी फट ठेवावी लागते. ती जास्त झाली की कॅमचा प्रत्येक उंचवटा हातोडीसारखा आदळून टकटक करतो, आणि कमी झाली की आवाज येत नाही पण झडप जळते. या दोहोंपैकी दुसरा दोष अधिक घातक आहे, कारण तो गुपचूप होतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, तिच्या काळातली ॲम्बॅसडर किंवा त्यानंतरची मारुती ८०० या गाड्यांत ही फट हाताने लावावी लागे. झाकण उघडून, प्रत्येक झडप बंद असलेल्या स्थितीत आणून, फीलर गेजची ठरावीक जाडीची पोलादी पट्टी फटीत सरकवायची आणि रॉकरवरचा स्क्रू फिरवून लॉकनट आवळायचा, हे ‘टॅपेट सेटिंग’ ठरावीक किलोमीटरांनंतर करावेच लागे आणि चांगल्या मेकॅनिकची पारख त्यावरून होई. आजही अनेक इंजिनांत, विशेषतः होंडाच्या काही पेट्रोल इंजिनांत, हीच स्क्रू-लॉकनटची पद्धत आहे. अशा गाडीत टिकटिक सुरू झाली तर बहुधा काही बदलावे लागत नाही, फट मोजून पुन्हा लावली की काम होते. म्हणून आपल्या इंजिनात कोणत्या जातीचे टॅपेट आहेत, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहणे ही निदानाची खरी पहिली पायरी आहे.

फट आपोआप शून्यावर ठेवणारी यंत्रणा प्रथम महागड्या गाड्यांत आली. अमेरिकेत १९३० साली आलेल्या कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनात ऑइलच्या दाबावर चालणारी अशी योजना होती, आणि तिच्यामागचा मुख्य हेतू इंजिन निःशब्द चालावे हा होता. पुढे अमेरिकी मोटारींत हायड्रॉलिक टॅपेट सर्रास झाले आणि ऐंशीच्या दशकात युरोप व जपानच्या छोट्या इंजिनांतही ते पसरले. भारतात लाखो घरांत ते एका डिझेल इंजिनाबरोबर पोहोचले. फियाटचे १२४८ सीसीचे १.३ मल्टिजेट हे इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावला आणि हरियाणातल्या मानेसरला बनत असे. मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये ते ‘डीडीआयएस’ नावाने, टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये ‘क्वाड्राजेट’ नावाने आणि फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत मूळ नावाने आले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, पण ही इंजिने आजही रस्त्यांवर मोठ्या संख्येने धावत आहेत आणि आता त्या वयात आहेत, जेव्हा टॅपेटचा प्रश्न खरोखर उभा राहतो.

हायड्रॉलिक टॅपेटची आतली रचना लहान पण अतिशय काटेकोर असते. बाहेर एक पोलादी कवच असते, त्याच्या आत पोकळ प्लंजर सरकतो आणि प्लंजरच्या तळाशी गोळीच्या आकाराची छोटी एकमार्गी झडप व तिच्याखाली एक स्प्रिंग असते. प्लंजरच्या पोकळीत इंजिनाच्या मुख्य वाहिनीतून ऑइल येत राहते. कॅमचा उंचवटा टॅपेटवर नसतो, त्या क्षणी स्प्रिंग प्लंजरला वर ढकलून सगळी फट भरून काढते. प्लंजर वर गेल्याने खालच्या कप्प्यात जी जागा निर्माण होते, तिच्यात गोळी बाजूला सरकून ऑइल शिरते. कॅमचा उंचवटा येऊन दाबू लागला की गोळी परतीची वाट बंद करते, कप्प्यातले ऑइल अडकते आणि ते जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे टॅपेट घन धातूसारखा वागून झडप उघडतो. प्लंजर आणि कवच यांच्यात काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या लहानशा अंशाएवढी, मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते आणि प्रत्येक दाबाबरोबर तिच्यातून ऑइलचा सूक्ष्म अंश निसटतो. ही ठरवून केलेली गळतीच झडप तापून लांबली असता टॅपेटला आखूड होण्याची संधी देते. पुढच्या आवर्तनात निसटलेले ऑइल पुन्हा भरले जाते. अशा रीतीने मिनिटाला शेकडो वेळा हा भाग स्वतःची लांबी नव्याने ठरवत असतो.

या कामाला अट एकच आहे: कप्प्यात निव्वळ ऑइल हवे, हवेचा बुडबुडा नको. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून तिचे तोंड अंगठ्याने बंद केले तर दट्ट्या जागचा हलत नाही, पण आत थोडी हवा असली की तो सहज दबतो आणि सोडल्यावर मागे येतो. टॅपेटमध्ये हवा शिरली की नेमके हेच होते. कॅमच्या दाबाचा पहिला भाग हवा दाबण्यात खर्च होतो, झडप उशिरा आणि कमी उघडते, मिटताना कॅमच्या उताराचा आधार न मिळाल्याने ती बैठकीवर आदळते आणि टिकटिक ऐकू येते. हवेशिवाय आणखी तीन कारणांनी हेच घडू शकते: कप्प्यात पुरेसे ऑइल पोहोचत नाही, गोळीच्या बैठकीत कचरा अडकल्याने ऑइल मागे निसटते, किंवा प्लंजर आणि कवच झिजून त्यांच्यातली मोकळीक इतकी वाढते की टॅपेट दाबाखाली फार लवकर बसतो. यांपैकी केवळ शेवटचे कारण निखळपणे टॅपेटचे स्वतःचे आहे.

प्रत्येक टिकटिक दोषाची खूण नसते. गाडी काही दिवस उभी राहिली असेल, तर जे टॅपेट उघड्या झडपेच्या स्प्रिंगखाली दाबले गेलेले असतात त्यांच्यातले ऑइल हळूहळू निसटते आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंद, क्वचित एखाद-दोन मिनिटे, ते वाजतात; ऑइल भरले की आवाज थांबतो. हे स्वाभाविक आहे. रोज सकाळी तोच आवाज होऊन काही सेकंदांत थांबत असेल, तर संशय ऑइल फिल्टरवर घ्यावा. फिल्टरमध्ये रबराची एक एकमार्गी झडप असते, जी इंजिन बंद असताना ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलपात्रात, वाहून जाऊ देत नाही. स्वस्त किंवा फार जुन्या फिल्टरमधले हे रबर कडक झाले की रात्रभरात वाहिन्या रिकाम्या होतात आणि सकाळी सर्वांत वरच्या टॅपेटांपर्यंत ऑइल पोहोचायला वेळ लागतो. याउलट इंजिन थंड असताना शांत आणि पूर्ण तापल्यावर वाजणारे टॅपेट अधिक गंभीर असतात, कारण गरम ऑइल पातळ होते आणि झिजलेल्या बेअरिंगमधून किंवा थकलेल्या पंपामुळे दाब खाली येतो. आवाज कधी येतो आणि कधी जातो, हे गाडीमालकाने नीट सांगितले तर मेकॅनिकचे अर्धे काम झालेले असते. म्हणून एखाद्या आठवड्याची साधी नोंद ठेवणे नक्कीच उपयोगी ठरते.

टॅपेट हायड्रॉलिक आहेत हे कळले की प्रत्यक्ष तपासाला सुरुवात डिपस्टिकने करायची. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून पातळी पाहावी. ती कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, विशेषतः वळणावर आणि चढावर. पातळी खुणेपेक्षा बरीच वर असली तरी तोच दोष संभवतो, कारण फिरणारा क्रँक त्या ऑइलात बुडून ते घुसळतो, फेस होतो आणि तोच फेस टॅपेटमध्ये जातो. ‘थोडे जास्त घातले तर बरे’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. त्यानंतर ऑइलचा प्रकार पाहायचा. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० सांगितले असताना २०डब्ल्यू-५० घातले, तर थंड सकाळी ते बारीक छिद्रांतून वेळेवर पोहोचत नाही. ऑइल शेवटचे कधी बदलले, तेही विचारावे. शहरात रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पूर्ण तापतच नाही, ऑइलातला ओलावा आणि इंधनाचा अंश उडून जात नाही आणि चिकट गाळ साचतो. अशा गाडीला किलोमीटर पूर्ण झाले नाहीत तरी महिन्यांच्या हिशोबाने ऑइल बदलणे भाग असते. ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहिले, तर काळा चिकट थर डोळ्यांना दिसतो आणि तो निदानात मोलाचा पुरावा असतो.

आवाज खरोखर टॅपेटचाच आहे का, याची खातरजमा मात्र कानाने आणि थोड्या गणिताने करावी लागते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर मंद चालत असेल तर कॅमशाफ्ट ४०० फेऱ्या करतो, म्हणजे एकच टॅपेट वाजत असल्यास सेकंदाला सुमारे साडेसहा ठोके पडतात. क्रँकशी निगडित, फेरीगणिक एक पडणारा ठोका त्याच वेगाला सेकंदाला तेरा वेळा येईल. सरावलेल्या कानाला हा फरक लगेच कळतो. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा नसल्यास लांब स्क्रू-ड्रायव्हर, ज्याचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवतात, हेडच्या झाकणावर एकेका सिलिंडरच्या जागी ठेवून आवाज कुठे सर्वाधिक आहे ते शोधता येते. हे करताना सैल कपडे, केस आणि हात पंखा व पट्ट्यापासून दूर ठेवणे अत्यावश्यक आहे.

टॅपेटची नक्कल करणारे आवाज अनेक असतात आणि इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. इंधन फवारणारे इंजेक्टर, विशेषतः डिझेल आणि थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांतले, नैसर्गिकपणे टिकटिकतात. स्टेथोस्कोप इंजेक्टरच्या अंगावर ठेवताच ते उघड होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले असेल तर निसटणारा वायू हुबेहूब टॅपेटसारखा आवाज करतो, चढावर जोर पडला की तो वाढतो, इंजिन तापून धातू प्रसरण पावल्यावर कमी होतो आणि जोडावर काजळीची रेघ उमटलेली असते. सैल स्पार्क प्लगमधूनही असाच फटफट आवाज येतो. मल्टिजेटसारख्या साखळीवर चालणाऱ्या इंजिनात टायमिंग चेनचा ताण हायड्रॉलिक टेन्शनर सांभाळतो, म्हणून ऑइलची आबाळ झाली की चेन आणि टॅपेट दोन्ही बोलू लागतात. चेनचा आवाज इंजिनाच्या एका टोकाला, टायमिंग कव्हरच्या बाजूला, खडखडाटासारखा येतो, तर टॅपेटचा वर, झाकणाच्या लांबीवर कुठेतरी एका जागी. हा फरक नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण सैल चेन एका दात्याने जरी उडाली तरी झडपा पिस्टनवर आदळू शकतात.

सर्वांत धोकादायक गल्लत कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या ठोक्याशी होते. तो आवाज खोल, जाड आणि इंजिनाच्या खालच्या भागातून येतो, गाडीवर भार पडला की वाढतो आणि त्या सिलिंडरचे इंधन किंवा ठिणगी तात्पुरती बंद केली की लक्षणीय बदलतो. टॅपेटच्या आवाजावर मात्र सिलिंडर जळतो की नाही याचा फारसा परिणाम होत नाही, कारण झडप दोन्ही स्थितींत उघडतच असते. खालून येणारा जड ठोका असेल तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेणेही योग्य नाही. ती ओढून न्यावी.

यानंतर दाब मोजायचा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा बंद आहे, म्हणजे ऑइलचा दाब व्यवस्थित आहे, असा अर्थ काढणे चूक आहे, कारण तो दिवा दाब अगदी तळाला, बहुधा अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली, गेल्यावरच पेटतो. म्हणून दाबाचा स्विच काढून त्याच्या जागी साधा यांत्रिक गेज लावतात आणि इंजिन पूर्ण तापल्यावर मंद गतीला व वाढीव गतीला दाब वाचतात. निर्मात्याचा आकडा इंजिनागणिक वेगळा असतो, परंतु ढोबळ मानाने गरम इंजिनात मंद गतीला एक बारच्या आसपास आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांवर तीन बारच्या आसपास दाब मिळायला हवा. तो कमी असेल तर चेंबर उघडून पंपाच्या तोंडाची जाळी गाळाने बुजली आहे का हे पाहणे आणि गरज असल्यास पंप व बेअरिंग तपासणे, हा योग्य मार्ग होय. कमी दाबाच्या इंजिनात नवे टॅपेट बसवणे हा निव्वळ अपव्यय आहे, आणि गाडीमालकाने दाबाचा आकडा पाहिल्याशिवाय टॅपेट बदलण्याला संमती देऊ नये.

दाब ठीक आहे, पातळी ठीक आहे, पण ऑइल जुने किंवा चुकीचे आहे, अशी स्थिती असेल तर योग्य प्रतीचे ऑइल आणि चांगला फिल्टर घालून, शक्य तर काहीशे किलोमीटरांनी पुन्हा एकदा दोन्ही बदलून, वाट पाहणे श्रेयस्कर ठरते. नव्या ऑइलमधली स्वच्छता करणारी रसायने टॅपेटमधला चिकट थर सावकाश विरघळवतात आणि अनेक इंजिने एवढ्यानेच शांत होतात. बाजारात झटपट धुलाईची द्रव्ये मिळतात, पण वर्षानुवर्षे गाळ साचलेल्या इंजिनात ती वापरली तर गाळाची ढेकळे एकदम सुटून जाळीवर बसतात आणि दाबच संपतो. हवा अडकल्याची शंका असेल, उदाहरणार्थ ऑइल बदलल्यावर किंवा गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यावर, तर इंजिन तापवून गती मंदपासून मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास सावकाश नेणे, पुन्हा सावकाश खाली आणणे आणि हे आवर्तन अनेकदा करणे, अशी पद्धत मित्सुबिशीसारख्या निर्मात्यांनी आपल्या पुस्तिकांत दिलेली आहे. मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनात ही तक्रार इतकी नित्याची होती, की पुढे ऑइलच्या मोठ्या छिद्राचे सुधारित टॅपेट काढण्यात आले. रचनेतच दोष असू शकतो याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि म्हणून सुट्या भागाचा नवा क्रमांक आला आहे का, हे विचारून घेणे शहाणपणाचे असते.

एवढे करूनही आवाज राहिला तरच झाकण उघडायचे. ज्या झडपेचा टॅपेट तपासायचा, तिच्यावरचा कॅम उंचवटा वर येईल असा क्रँक हाताने फिरवून आणायचा, म्हणजे टॅपेटवर कॅमचा गोल, उंचवटा नसलेला भाग येतो. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरीने टॅपेट अथवा रॉकर दाबून पाहायचा. निरोगी टॅपेट दगडासारखा कडक लागतो. दाबताच स्प्रिंगसारखा खाली जाऊन लगेच वर येणारा टॅपेट हवा भरलेला किंवा रिकामा असतो, आणि सतत दाबाखाली जो भरभर बसत जातो त्याच्यात गळती वाढलेली असते. फोक्सवागनच्या कॅमखाली थेट बसणाऱ्या वाटीसारख्या टॅपेटांसाठी मोजमाप अधिक नेमके आहे: पाचरीने दाबल्यावर कॅम आणि टॅपेट यांच्या मध्ये ०.२ मिलिमीटरची पट्टी शिरत असेल तर टॅपेट बदलायचा. याच वेळी कॅमचे उंचवटे बोटाने आणि नजरेने तपासावे. एखाद्या उंचवट्याचे टोक गोलावले असेल, पृष्ठभागावर खड्डे असतील किंवा रॉकरची छोटी रोलर-चाके सैल झाली असतील, तर दोष तिथे आहे आणि एकटा टॅपेट बदलून तो जाणार नाही.

बदलण्याचे काम रचनेवर अवलंबून आहे. वाटीसारखे टॅपेट कॅमच्या थेट खाली असतात. मल्टिजेटमध्ये टॅपेट रॉकरच्या एका टोकाखाली टेकू म्हणून बसतात आणि कॅमशाफ्ट हेडवरच्या स्वतंत्र चौकटीत असतात, जी अखंड उचलावी लागते. दोन्ही प्रकारांत कॅमशाफ्ट हलवावाच लागतो, म्हणजे टायमिंगला हात लागतो. म्हणून पहिल्या सिलिंडरची ठरलेली स्थिती आणून क्रँक व कॅम त्यांच्यासाठी बनवलेल्या पिनांनी जखडल्याशिवाय चेन किंवा पट्टा सोडू नये. ही अवजारे ज्या गॅरेजकडे नाहीत, तिथे हे काम देऊ नये. कॅमच्या बेअरिंग कॅपवरचे क्रमांक आणि दिशा नोंदवून त्यांचे बोल्ट बाहेरून मधे, थोडे थोडे करत सोडायचे, कारण एका बाजूने एकदम सोडले तर झडपांच्या स्प्रिंगच्या जोराने कॅमशाफ्ट वाकू किंवा तुटू शकतो. काढलेला प्रत्येक टॅपेट आणि रॉकर कोणत्या भोकातला, हे खुणावून कप्प्यांच्या डब्यात क्रमाने ठेवावे. जो चांगला आहे तो आपल्याच भोकात, आपल्याच कॅमखाली परत गेला पाहिजे, कारण घासणारे पृष्ठभाग वर्षानुवर्षांत एकमेकांशी जुळलेले असतात.

एक बदलावा की सगळे, या प्रश्नावर मेकॅनिकांत मतभेद असतात. इंजिन लाख-दीड लाख किलोमीटर चालले असेल आणि दोष झिजेचा असेल, तर संपूर्ण संच बदलणे योग्य, कारण उरलेले टॅपेट त्याच वयाचे असतात आणि हेड पुन्हा उघडण्याची मजुरी व गॅस्केट यांचा खर्च टॅपेटच्या किमतीहून जास्त पडतो. एखाद्याच टॅपेटमध्ये कचरा अडकला असेल, तर तो सोडवून पाहायला हरकत नाही: मित्सुबिशीच्या पद्धतीत टॅपेट स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून, बारीक तारेने आतली गोळी हलकेच दाबत प्लंजर काही वेळा खालीवर करतात, म्हणजे हवा आणि कचरा बाहेर पडतो. सगळे निर्माते मात्र अशा हाताने भरण्याला परवानगी देत नाहीत, कारण काठोकाठ भरून लांबलेला टॅपेट बसवल्यावर झडप उघडी धरून ठेवू शकतो. म्हणून इथे पुस्तिकेचा शब्द अंतिम मानावा.

जुळणी करताना हेडमधली टॅपेटची भोके आणि ऑइलची छिद्रे स्वच्छ करून, प्रत्येक भागाला ऑइल लावून तो बोटाने सहज सरकतो का पाहावे. अडकणारा टॅपेट ठोकून बसवू नये. बेअरिंग कॅपचे बोल्ट आता मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळायचे. हे बोल्ट बारीक असतात आणि त्यांचा टॉर्क बहुधा दहा न्यूटन-मीटरच्या आसपासच असतो, त्यामुळे हाताच्या अंदाजावर आवळले तर ॲल्युमिनियममधले आटे सहज निघतात. टायमिंगच्या पिना काढल्यावर क्रँक पान्याने किमान दोन पूर्ण फेऱ्या सावकाश फिरवून कुठे अडत नाही ना, याची खात्री करावी. त्याआधी थांबावे लागते, आणि घाईच्या गॅरेजात हीच पायरी गाळली जाते: नवे टॅपेट पूर्ण लांबीचे असतात आणि कॅमच्या दाबाखाली त्यांतले जादा ऑइल निसटून ते योग्य लांबीवर यायला वेळ लागतो. फोक्सवागनच्या पुस्तिका टॅपेट बसवल्यानंतर सुमारे तीस मिनिटे इंजिन सुरू करू नये असे बजावतात, कारण त्याआधी सुरू केल्यास झडपा पिस्टनवर आदळू शकतात.

इंजिन सुरू करताना ऑइल आणि फिल्टर नवेच असावेत, आणि शक्य असेल तिथे इंधन बंद ठेवून काही सेकंद स्टार्टर फिरवून आधी दाब निर्माण करावा. सुरू झाल्यावर लाल दिवा लगेच विझला पाहिजे. पहिली काही मिनिटे सगळे टॅपेट एकाच वेळी वाजतील. या वेळात इंजिनाला एकदम जोर न देता गती किंचित वाढवून ठेवावी आणि वर सांगितलेली सावकाश चढ-उताराची आवर्तने करावीत. अर्ध्या तासानंतरही एकाच जागी टिकटिक उरली, तर तो टॅपेट भरलेला नाही किंवा त्याच्या छिद्रात काही अडकले आहे असे समजून पुन्हा स्टेथोस्कोप लावावा. काम नीट झाले असले तरी उघडझाप करताना सुटलेला बारीक गाळ पहिल्या काही दिवसांत फिल्टरमध्ये जमा होतो, म्हणून साधारण हजार किलोमीटरांनी ऑइल व फिल्टर पुन्हा बदलावे आणि काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे चमकदार कण आहेत का, हे उजेडात तपासून घ्यावे.